शिक्क्याचे ३४,००० डॉलर

प्रश्न: मिशिगनमधल्या ट्रॉय गावाहून एका वाचकाने विचारलं आहे. वय ४८, वाहन उद्योगात अभियंता, मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाणार. १९६९ ची शेव्हरोले कॅमारो झेड/२८ घ्यायची कॉलेजपासूनची हौस. दोन गाड्या हेरून ठेवल्या आहेत. पहिली ९२,००० डॉलरला. विक्रेता म्हणतो, ‘मॅचिंग नंबर्स (इंजिनावरचे आकडे गाडीशी जुळणारे), करेक्ट इंजिन’. दुसरी ५८,००० ला. तिचं मूळ इंजिन केव्हाच गेलं, नंतरचं ३५० घनइंची बसवलंय, आणि तिचा मालक ते स्वतःहून सांगतो. हाताशी ५७,००० आहेत, उरलेले ३५,००० ४०१के या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून कर्जाऊ काढायचे मनात आहे. पहिलीचे फोटो सोबत जोडलेत. गुंतवणूक म्हणूनही घ्यावी का? ऑगस्टमध्ये मुलीला शेजारी बसवून वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची फेरी) जायचंय.

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रातले दोन आकडे आधी शेजारी ठेवू. दोन गाड्यांच्या किमतींत फरक ३४,००० चा, आणि कर्ज काढायचंय ३५,००० चं. म्हणजे हे कर्ज गाडीसाठी नाहीच. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, पॅसेंजर बाजूच्या सिलिंडर हेडसमोर एक छोटीशी सपाट जागा असते; तिच्यावर ठोकलेल्या अक्षरांसाठी आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मात्र ते चक्क लिहून आलंय, तर माल तपासून घेऊ.

विक्रेत्याचा ‘करेक्ट’ हा शब्द मला खटकला. करेक्ट म्हणजे त्या वर्षीच्या त्या मॉडेलला शोभणारं इंजिन. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून याच गाडीत बसून बाहेर पडलेलं. पहिलं बाजारात शोधून आणता येतं, दुसरं एकच असतं. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणताना बहुतेक लोक दुसरं समजतात, आणि विकणारे काही जण पहिलं विकतात.

मी मेकॅनिक नाही. पण कागदावरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का, हे बघण्यातच माझी वीस वर्षं गेली. तुमच्या फोटोंत तीन तारखा आहेत. इंजिनावरचा शिक्का व्ही०३१८डीझेड: व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३१८ म्हणजे १८ मार्चला जुळणी, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२ घनइंची इंजिन. शेजारी गाडीच्या व्हीआयएनचा, म्हणजे ओळख क्रमांकाचा, तुकडाही आहे, आणि तो गाडीशी जुळतो. काउल टॅगवर (इंजिनामागच्या भिंतीवरची कारखान्याची पट्टी) ०४ए, म्हणजे गाडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. इथवर छान. आता ब्लॉकच्या मागच्या कडेचा फोटो मोठा करून पाहा. तिथे ओतकामाची तारीख उठून दिसते: ई ६ ९. महिन्यांना ए पासून अक्षरं दिलेली असतात, तेव्हा ई म्हणजे मे. ६ मे १९६९.

मार्चमध्ये जुळवलेल्या आणि एप्रिलमध्ये गाडीत बसलेल्या इंजिनाचा ब्लॉक मे महिन्यात ओतला कसा? बारशानंतर जन्म झाल्यासारखंच हे. त्यात दुसऱ्या बाजूचा ओतकाम क्रमांक ३९७००१०. हा ब्लॉक १९६९ च्या काही ३०२ मध्ये होता हे खरं, पण साध्या ३५० मध्येही तो सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत वापरला गेला. त्यामुळे तो शेवटचा ९ म्हणजे १९६९ की १९७९, हेही छातीठोक सांगता येणार नाही. माझा अंदाज सरळ आहे: जुना शिक्का घासून नवा ठोकलाय. कारखान्यात ती जागा मशीनवर कापली जाई तेव्हा बारीक समांतर रेघा उमटत. घासलेल्या जागेवर त्या नसतात, किंवा मुद्दाम ओढलेल्या असतात. तो भाग जाणकारालाच दाखवा.

आताचा मालक लबाडच असेल असं नाही. त्यालाही कोणीतरी हेच विकलं असेल. तरी मी या गाडीसाठी घासाघीससुद्धा करणार नाही. कॅमारोच्या व्हीआयएनमधला २४ हा आकडा फक्त ‘व्ही-८’ एवढंच सांगतो, झेड/२८ आहे का ते सांगत नाही. ते नॉरवुड कारखान्याच्या टॅगवरच्या एक्स३३ किंवा एक्स७७ वरून कळतं, आणि टॅग तर नवे बनवूनही मिळतात. इंजिनाचा शिक्का ठोकणाऱ्याने टॅगला हात लावला नाही, यावर मी ९२,००० कशाला लावू? (पाँटिअ‍ॅक असती तर कारखान्याच्या जुन्या नोंदींची प्रत मागवून वाद मिटवता आला असता. शेव्हरोलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना ती सोय नाही.)

आता कर्ज. ३५,००० पाच वर्षांत फेडायचे म्हणजे नुसतं मुद्दलच महिना ५८३ डॉलर, त्यातली तीन वर्षं मुलीच्या फीसोबत. त्यात तुम्ही वाहन उद्योगात. नोकरी सुटली तर उरलेली रक्कम त्या वर्षीचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत परत करावी लागते. नाही जमलं तर ती उत्पन्नात धरली जाते, आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड. ‘गुंतवणूक’ हा शब्दही पत्रातून काढून टाका. हौसेची गाडी तोट्यात विकली तर तो तोटा करात वजा मिळत नाही. नफा झाला तर जुन्या संग्राह्य वस्तूंना दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत दर लागू शकतो. शेअर्सना तो २० च्या वर जात नाही. तुमच्या सीपीएला, म्हणजे हिशेबनिसाला, विचारून घ्या.

आणि एक गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत, ती खरं तर पहिली हवी होती: ऑगस्टमध्ये मुलीला शेजारी बसवून वुडवर्ड ड्रीम क्रूझला जायचंय. ते ३०२ ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या ३०५ घनइंचांच्या मर्यादेत बसावं म्हणून बनलेलं, वरच्या आरपीएमला पळणारं इंजिन. खरंखुरं मूळ ३०२ असतं आणि वुडवर्डवर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता, तर ३४,००० तिथेच रस्त्यावर सांडले असते. मूळ इंजिनाचा जादा पैसा गाडी झाकून ठेवणाऱ्याला परवडतो. तुम्हाला ती चालवायची आहे.

म्हणून दुसरी घ्या, पण तिच्याही खरेपणाचे पैसे तपासूनच द्या. टॅग, आणि वॉरंटी पुस्तिकेला जोडलेली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी जाणकाराकडून पाहून घ्या. काही शे डॉलर जातील, जाऊ देत. बयाणा परत मिळण्याच्या अटीवरच द्या, आणि ‘कारखान्यातून आलेली झेड/२८’ हे शब्द बिल ऑफ सेलवर लिहून घ्या. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. मिशिगनचा ६ टक्के कर तुम्ही धरलेला नाही: ५८,००० वर ३,४८०. म्हणजे ४,४८० कमी पडतात. तेवढे किमतीत तोडून मागा. मालक नाही म्हणाला तर हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायला लागेपर्यंत थांबा आणि डिसेंबरात पुन्हा फोन करा.