हर्मिट खेकडा, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, आठवडाभर वाळूबाहेर आला नाही. तो मेला असेल का, आणि त्याला जगायला नेमके काय लागते?

तो बहुधा कात टाकत असावा. कृपया वाळू उकरू नका.

आमच्याकडचा मोठा खेकडा असाच वाळूत शिरला आणि बरेच दिवस दिसला नाही, तेव्हा तो मेला असून पेटीत सडेल, असे ठरवून माझ्या थोरल्या बंधूंनी मी घरी नसताना सगळी वाळू उपसली. मी परतलो तेव्हा तो उघड्यावर पडला होता. अंग फिकट दुधी, नांगी दाबली तर दबेल इतकी मऊ, मिशा मात्र हलत होत्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. तो आधीच मेलेला होता, असे बंधू आजही सांगतात. परंतु मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा उग्र दर्प येतो आणि त्या वाळूला तसा वासच नव्हता. शिवाय टाकलेली कात हा प्राणी स्वतःच खातो, कारण नवे कवच टणक व्हायला लागणारे कॅल्शियम त्यात असते, आणि बंधूंनी नेमकी तीच घाण समजून फेकून दिली.

जमिनीवरचे हर्मिट खेकडे उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यालगत पालापाचोळ्यात आणि झाडांच्या मुळांशी राहतात व मुख्यतः रात्री फिरतात. ते कल्ल्यांनी श्वास घेतात आणि ते कल्ले ओलसर राहिले तरच चालतात, म्हणून कोरड्या हवेत हा जीव हळूहळू गुदमरतो. जाळीचा पिंजरा विकणाऱ्यांना हे ठाऊक नसते किंवा त्याची फिकीर नसते. झाकणाची काचपेटी, 75 ते 85 टक्के आर्द्रता, 24 ते 29 अंश सेल्सिअस तापमान आणि मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल इतपत ओल्या वाळूचा किमान 15 सेंटिमीटरचा थर हवाच. खेकडा मोठा असेल तर थर आणखी खोल लागतो. क्लोरीन काढलेले गोडे पाणी आणि मत्स्यालयासाठीच्या सागरी मिठाचे खारे पाणी, दोन्ही ठेवावे. स्वयंपाकातले मीठ चालत नाही. बदलायला थोडे मोठे रिकामे शंख द्यावेत, रंगवलेले मुळीच नकोत. खाण्याचे फारसे नखरे नसतात. मासळी, फळे, शेवाळ, वाळलेली पाने चालतात.

हे सर्व जमिनीवरच्या जातींपुरते आहे. समुद्रात राहणाऱ्यांना खाऱ्या पाण्याचे मत्स्यालयच लागते. या खेकड्यांची पिल्ले समुद्रातच वाढतात, त्यामुळे विक्रीला येणारे जवळपास सगळे निसर्गातून पकडलेले असतात. सोबतीच्या नावाखाली आणखी विकत आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान खेकडा काही आठवड्यांत वर येतो, मोठ्याला दोन महिने किंवा अधिकही लागतात. तोवर घरातले कितीही वडीलधारे आग्रह करोत, दर्प येत नसेल तर वाळूला हात लावू देऊ नका.