८० टक्के ब्लॉक म्हणजे उद्याच स्टेंट? आधी अँजिओग्राफीची सीडी हातात घ्या

जिना चढताना छातीवर दडपण, बसल्यावर थांबतं, टीएमटी (पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) पॉझिटिव्ह, हृदयाच्या एका नळीत ८० टक्के ब्लॉक आणि 'उद्याच स्टेंट टाकून घ्या'. वडिलांना डॉक्टरांनी असं सांगितलंय, काय करावं, असं तुम्ही विचारलंत; ते वाचताना आमच्या अण्णांचीच फाईल वाचतेय असं वाटलं.

मी डॉक्टर नाही. आणि बसल्या जागी दुखत असेल, दुखणं वाढत चाललं असेल किंवा अटॅकच असेल, तर पुढचं वाचत बसू नका. तिथे अँजिओप्लास्टी जीव वाचवते.

पण कष्ट केल्यावरच दुखणाऱ्या, स्थिर अँजायनात (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) घाई कसली, हे बेधडक विचारा. २०२० च्या 'इस्कीमिया' अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही. एका गटाला औषधांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांनी पाहिलं तर मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. मात्र डाव्या मुख्य नळीत मोठा ब्लॉक असलेले किंवा ईएफ (हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची ताकद) ३५ टक्क्यांखाली असलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. त्यामुळे ब्लॉक नेमका कुठे आणि ईएफ किती, हे आधी बघा. ८० हा आकडा बहुतेकदा नजरेचा अंदाज असतो. एफएफआर (ब्लॉकमुळे रक्त खरंच किती अडतंय ते मोजणारी तपासणी) केलं होतं का, तेही विचारा.

स्टेंट म्हणजे लूट, असंही माझं म्हणणं नाही. २०२३ च्या 'ऑर्बिटा-२' मध्ये अँजायनाच्या गोळ्या थांबवून काहींवर नुसतं प्रोसिजरचं सोंग केलं होतं. खरा स्टेंट पडलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. गोळ्या पुऱ्या देऊनही त्रास होत असेल तर जरूर घाला.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते रेकॉर्डचं काउंटर. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला अँजिओची सीडी मागितली, तर म्हणे डिस्चार्जनंतर. डिस्चार्ज मागितला, तर म्हणे प्रोसिजर बाकी आहे, डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जातोय, अशा कागदावर) सही करा. वर मेडिक्लेम बुडेल ही भीती. आई रडायला लागली आणि अण्णांनी होकार दिला. सीडी मिळाली ती स्टेंट पडल्यावर. दुसऱ्या डॉक्टरांनी ती पाहून सांगितलं, गोळ्या वाढवून थांबता आलं असतं. माणूस घाबरलेला असताना त्याचेच कागद अडवून ठेवायचे, याचा मला आजही संताप येतो.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे: रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची. तोंडी मागूच नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या.

आणि स्टेंट घालायचंच ठरलं, तर नंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या दात काढायचाय म्हणून परस्पर बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आधी कार्डिऑलॉजिस्टला फोन करा.