वाचक विचारतात: घरातलं विष

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे घरातल्याच वस्तूंबद्दल आहेत: साफसफाईच्या बाटल्या, गॅसचा गीझर, खेळण्यातली बॅटरी, तापाचं सिरप. अशा अपघातांत पहिल्या चुकीपेक्षा तिच्यावर घाईघाईने केलेला घरगुती इलाजच पुष्कळदा जास्त बाधतो. म्हणून काय करावं याच्याबरोबरच काय करू नये तेही प्रत्येक उत्तरात दिलं आहे.

प्रश्न: संडास चकचकीत निघावा म्हणून आम्ही अ‍ॅसिडचा क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओततो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पण डाग निघतात. याने खरंच काही अपाय होतो का?

हो. तो खोकला क्लोरीन वायूमुळे येतो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. ते टिकावं म्हणून कारखान्यात मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेलं असतं. त्यात अ‍ॅसिड पडलं की हा तोल बिघडतो आणि क्लोरीन मोकळा होतो. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असो नाहीतर व्हिनेगर, परिणाम तोच. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे उकिडवं बसून घासणाऱ्याला त्याचा मारा सर्वांत जास्त बसतो. अमोनियाच्या क्लीनरमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइन तयार होतं. तेही फुप्फुसांना तितकंच वाईट. साचलेल्या लघवीतही अमोनिया असतो, म्हणून तिथे आधी भरपूर पाणी ओतावं आणि मगच ब्लीच वापरावं.

वास आलाच तर सगळं आहे तिथेच टाकून बाहेर पडा. दार उघडं राहू द्या. बाटल्यांना झाकणं लावत किंवा फरशी धूत आत थांबू नका. हे 'मारायला' म्हणून खाण्याचा सोडा किंवा आणखी काही त्यात ओतू नका. डोळ्यांत गेलं असेल तर साध्या वाहत्या पाण्याने 15 ते 20 मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढून. फुप्फुसांना येणारी सूज कधीकधी काही तासांनी दिसते. बरं वाटलं तरी त्या दिवशी आणि रात्री लक्ष ठेवा. धाप लागली, छाती भरून आली किंवा खोकला वाढत गेला तर थेट रुग्णालयात जा. दम्याच्या रुग्णाने तर त्रास वाढायची वाट बघूच नये.

डाग आणि जंतू ही दोन वेगळी कामं आहेत. क्षारांचे पिवळे डाग अ‍ॅसिडने निघतात, जंतू ब्लीचने मरतात. एका दिवशी एकच वापरा. जंतूंसाठी ब्लीच घट्ट लागतही नाही: 5 टक्क्यांच्या ब्लीचचे 20 मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून 1 लिटर करा, झालं 0.1 टक्क्यांचं द्रावण. पाणी गारच घ्या, कारण गरम पाण्यात ब्लीच लवकर विघटित होतं आणि वाफाही जास्त येतात. जागा आधी साबणाने धुवून घ्या, नाहीतर क्लोरीन मळावरच खर्ची पडतो. मग द्रावण लावून 10 मिनिटं ओलं राहू द्या. पुसून लगेच कोरडं केलं तर काहीच साधत नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून ताजं करा.

प्रश्न: आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. अंघोळ करताना बायकोला आणि मला डोकं दुखल्यासारखं, गरगरल्यासारखं होतं. बाहेर आलं की बरं वाटतं. पल्स ऑक्सिमीटर लावून पाहिला, 98 दाखवतो. मग हे वाफेमुळे असेल का?

गीझर आजपासून बंद ठेवा. तुम्ही वर्णन केलेली लक्षणं कार्बन मोनॉक्साइडची आहेत आणि ऑक्सिमीटरच्या 98 वर अजिबात विसंबू नका. ते यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रंगावरून अंदाज बांधतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही आकडा छान येतो. खरं मोजमाप रुग्णालयात रक्ताच्या को-ऑक्सिमेट्रीने होतं, म्हणजे रक्तातलं कार्बन मोनॉक्साइड वेगळं मोजणाऱ्या चाचणीने. डॉक्टरांना गीझरचा उल्लेख करून ती चाचणी मागा. बायको गरोदर असेल तर आजच, कारण गर्भाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो.

गीझरची ज्योत मोठी असते आणि बाथरूम लहान. दार-खिडकी बंद असली की काही मिनिटांतच आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. बर्नरवर काजळी असेल तर आणखी लवकर. या वायूला रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये जो वास मिसळलेला असतो, तो गॅस जळताना जळूनच जातो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून हवेत थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. साध्या हवेत श्वास घेतला तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. बाहेर आल्यावर बरं वाटणं म्हणजे वायू अंगातून गेला असं नव्हे.

आता दुरुस्ती. गीझर बाथरूमच्या बाहेर उघड्या जागेत बसवून पाण्याचा पाइप तेवढा आत आणणं हा सर्वांत चांगला मार्ग. ते शक्य नसेल तर जळालेला वायू थेट घराबाहेर नेणारं धुराडं असलेलाच गीझर घ्या आणि भिंतीला बंद करता न येणारी दोन भोकं ठेवा, एक खाली आणि एक छताजवळ. नुसता एक्झॉस्ट पंखा बसवून भागवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मला पटत नाही. बाहेरून हवा आत यायला वाट नसेल तर पंखा धुराड्यातलाच वायू उलटा खोलीत ओढतो. ज्योत पिवळी दिसायला लागली तर बर्नर साफ करून घ्या. पण ज्योत निळी आहे म्हणून सगळं ठीक आहे असंही समजू नका. हे बदल होईपर्यंत गीझर बंदच ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो. धुराचा किंवा गॅस गळतीचा अलार्म हे काम करत नाही. तो वाफेत नको, बाथरूमच्या दाराबाहेर श्वासाच्या उंचीवर लावा. आतल्या सेन्सरचं आयुष्य मॉडेलप्रमाणे 5 ते 10 वर्षं असतं. मागच्या बाजूला मुदत छापलेली असते. चाचणीचं बटण दाबल्यावर आवाज आला तर बॅटरी आणि भोंगा चालू आहे एवढंच कळतं. मुदत उलटली की बदलायचाच.

आतलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार उघडा किंवा तोडा, बाहेरच दीर्घ श्वास घ्या आणि त्याला ओढत मोकळ्या हवेत आणा. आत थांबून उठवण्याचा प्रयत्न करू नका, वाचवायला गेलेलाही तिथेच कोसळतो. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

प्रश्न: दोन वर्षांच्या नातीने रिमोटमधली चपटी गोल बॅटरी गिळली असावी अशी शंका आहे. ती मजेत खेळतेय. सासूबाई म्हणतात, केळं खाऊ घाला, शीतून पडून जाईल. थांबावं का?

थांबू नका. नुसती शंका असली तरी लगेच एक्स-रे हवा, जिथे दुर्बीण घालून बॅटरी काढण्याची सोय आहे अशाच रुग्णालयात. नाणं गिळणं आणि बॅटरी गिळणं यांत मोठा फरक आहे. 20 मिलिमीटर व्यासाची 3 व्होल्टची लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. तिथल्या ओलसर ऊतीतून वीज वाहू लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि ऊती विरघळायला लागतात. गंभीर इजा व्हायला 2 तास पुरतात. बॅटरी फुटावी-गळावी लागत नाही. रिमोट चालत नाही म्हणून काढलेली 'संपलेली' बॅटरीसुद्धा हे करते, कारण तेवढी वीज तिच्यात उरलेली असते.

केळं, भात, दूध काहीही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. उलटी करवू नका. काहीही न देण्याला एकच अपवाद आहे, मध: मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून 12 तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयात जाताना दर 10 मिनिटांनी 2 छोटे चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर मध द्या, फार तर 6 वेळा. मधाचा थर बसल्याने इजा थोडी मंदावते. मध शोधण्यात वेळ मात्र घालवू नका, घरात हाताशी असेल तरच. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, त्यातून बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. तसलीच दुसरी बॅटरी किंवा तिचं पाकीट असेल तर बरोबर न्या. एक्स-रेत बॅटरीला दुहेरी कडा दिसते, त्यावरून डॉक्टर ती नाण्यापासून वेगळी ओळखतात.

लाळ गळणं, खाणं नाकारणं, खोकला, काळी शी ही लक्षणं उशिरा येतात आणि कधी येतही नाहीत. नाकात किंवा कानात घातलेली बॅटरीही तातडीनेच काढावी लागते. कानात थेंब टाकू नका, ओलाव्याने इजा वाढते. बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होतो अशीच खेळणी आणि रिमोट घरात ठेवा. फेकताना बॅटरीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा.

प्रश्न: मुलाला (वजन 12 किलो) तापाला पॅरासिटामॉल देते. त्याचं सिरप संपत आलं की मोठ्या मुलीचं वापरते, कधी बाळाचे थेंब. मात्रा तीच ठेवली तर चालेल ना?

नाही चालणार. मुलाच्या वजनाप्रमाणे एका वेळची मात्रा दर किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे त्याला 180 मिलिग्रॅम. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ती 7.5 मिलिलिटर होते. 250 मिलिग्रॅमचं असेल तर 3.6. थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असेल तर फक्त 1.8. आता थेंबांचंच औषध सवयीने 7.5 मिलिलिटर दिलं तर 750 मिलिग्रॅम पोटात गेलं, चौपटीहून जास्त. म्हणून 'किती मिलिलिटर' याआधी लेबलवरचं 'किती मिलिग्रॅम' वाचा. स्वयंपाकघरातला चमचा नको, तोंडातून द्यायची खुणांची सिरिंज वापरा. दोन मात्रांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर आणि 24 तासांत जास्तीत जास्त 4 मात्रा. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर मात्रा ठरवत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

जास्त दिलं गेलं तर मूल ठीक दिसतंय यावर जाऊ नका. पहिल्या दिवशी लक्षणं जवळजवळ नसतात, यकृताला झालेली इजा एक ते तीन दिवसांत उघड होते. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या 8 तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. बाटली आणि दिल्याच्या वेळा लिहून बरोबर न्या.

प्रश्न: मुलाने रॉकेल किंवा अ‍ॅसिड प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी का?

कधीच नाही. अ‍ॅसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसांत जास्त घातक असतं आणि उलटीत ते तिथेच उतरतं. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून माणूस दगावू शकतो. उलटीसाठी पूर्वी घरोघरी ठेवलं जाणारं इपेकॅकचं सिरपही आता ठेवू नये, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2003 मध्येच सांगितलं. तोंड पुसा, कपड्यांवर सांडलं असेल तर ते काढून कातडी साबण-पाण्याने धुवा, बाटली घ्या आणि निघा.

प्रश्न: पाऱ्याचा थर्मामीटर फुटला. गोळ्या फरशीवर पसरल्यात. झाडून घेऊ?

झाडू नको आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. झाडूने गोळ्या बारीक होऊन फटींत जातात आणि व्हॅक्यूमच्या उष्णतेने पाऱ्याची वाफ खोलीभर पसरते. खरा धोका या वाफेचाच आहे. मुलाने चुकून एखादी गोळी गिळली तर ती बहुधा शोषली न जाता शीतून बाहेर पडते, तिथे काचेची काळजी जास्त.

मुलांना आणि प्राण्यांना बाहेर काढा, बाकी घराकडचं दार लावा, खिडक्या उघडा. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, पारा सोन्याला चिकटतो. हातमोजे घालून दोन जाड कागदांनी गोळ्या एकत्र सरकवा, ड्रॉपरने उचला आणि घट्ट झाकणाच्या बरणीत टाका. मग दिवे मालवून टॉर्च फरशीला समांतर धरा, राहिलेले कण चमकतात. ते चिकटपट्टीने उचला. पारा सिंकमध्ये ओतू नका आणि लागलेले कपडे मशीनमध्ये टाकू नका. सगळं बरणीत किंवा दुहेरी पिशवीत बंद करून धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. गालिच्यावर सांडला असेल तर तेवढा तुकडा कापून काढणं परवडतं. खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या राहू द्या. नवा घेताना डिजिटल घ्या. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराप्रमाणे पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात 2020 नंतर बंद करायची ठरली आहे.