मुठीवर तीन, सिलिंडरवर आठ

प्रश्न : आजोबांनी घेतलेले .३२ बोअरचे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वर आमच्या घरी आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता, ते चार महिन्यांपूर्वी वारले. मुठीच्या तळावरचा नंबर ३ ने संपतो, पण सिलिंडरवर (गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर) आणि बॅरलखाली तोच नंबर ८ ने संपतो. आजोबांच्या जुन्या परवान्यात ३ आहे, वडिलांच्या पुस्तिकेत ८. एक कारागीर म्हणतो, “मुठीवरच्या तिनाचा आठ करून देतो, कटकट मिटेल.” अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, कंपनीची चूक असेल तर संग्राहक तिप्पट पैसे देतील. काय करू?
– एक शिक्षक, कोरेगाव तालुका, जि. सातारा

गुरुजी, आधी त्या कारागिराला निरोप धाडा की हत्याराला हात लावायचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ८ सांगते की हत्यारावरचे नाव, नंबर वा खूण खोडणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात पुढे आहे की असे खाडाखोड केलेले हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती केली असे कोर्ट धरून चालते. नाही केली, हे त्याने सिद्ध करायचे. आज तुमच्याकडे फक्त न जुळणारा नंबर आहे. तिनाचा आठ झाला की तुमच्याकडे बदललेला नंबर असेल, आणि तो लपणार नाही. नंबर ठोकताना खालचा धातू दबतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत रसायन लावले की जुना अंक पुष्कळदा पुन्हा दिसतो.

दुसरी गोष्ट नंबराहून निकडीची आहे. परवाना वडिलांचा होता आणि वडील नाहीत. म्हणजे गेले चार महिने ते रिव्हॉल्वर तुमच्या कपाटात विनापरवाना आहे. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायला हवे. उद्याच करा. हत्यार घेऊन जाण्याआधी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन वेळ ठरवा, आणि जमा करताना तिन्ही ठिकाणचे नंबर जसेच्या तसे पंचनाम्यात लिहून घ्या. पावतीवर एकच नंबर घालून मोकळे होऊ देऊ नका. एक खबरदारी आणखी: सिलिंडर बाहेर उघडल्यावर फ्रेमच्या खाचेत वेगळा आकडा दिसला, तर तो कारखान्यात भाग जुळवताना टाकलेला असतो. तो हत्याराचा नंबर म्हणून लिहिला गेला तर तुमच्या कागदांत तिसरा घोळ होईल.

जमा केल्याने हत्यार हातचे जात नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज करा. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि भावंडांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे जोडा. बहिणीची सही राहिली म्हणून फाईल अडून बसते, तेव्हा ती आधी घ्या. त्याच अर्जात पुस्तिकेतल्या नंबराची दुरुस्तीही मागा. हे लेखी सांगणे तुमच्या फायद्याचे आहे, कारण विनापरवाना ताब्याचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्याच, पूर्वमंजुरीशिवाय दाखल होत नाही. ज्यांनी मंजुरी द्यायची, त्यांच्या टेबलावर तुमची खरी हकीकत आधीच पडलेली असू दे.

आता चूक जुनी आहे हे दाखवायचे कसे? आजोबांचा परवाना मुठीवरच्या नंबराने आहे, हा पहिला पुरावा. पण घरातल्या ट्रंकेत याहून चांगले काहीतरी सापडेल असे मला वाटते. निवडणुकीच्या आचारसंहितेत पुष्कळ परवानाधारकांना हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात आणि दर वेळी पावती मिळते. वडील-आजोबांच्या काळातल्या अशा जितक्या पावत्या मिळतील तितक्या गोळा करा. कुठल्या वर्षी कुणी ३ लिहिला, कुणी ८ लिहिला, ते बघा. दोन्ही अंक पन्नास वर्षे शेजारी शेजारी चालत आले असतील, तर ‘हल्ली कुणीतरी बदलला’ हा आरोप टिकणार नाही. खरेदीचे बिल असेल तर सोन्याहून पिवळे.

किमतीबद्दल मावसभावाचे म्हणणे अर्धे खरे आहे. टाकसाळीत चुकीचा ठसा पडलेल्या नाण्यासारखेच हे. अमेरिकेत कारखान्याची चूक असलेल्या हत्यारांच्या मागे असणारे संग्राहक आहेत. पण तिथेही आधी शंका हीच येते की सिलिंडर किंवा बॅरल नंतर बदलले असावे. तसे असेल तर किंमत वाढत नाही, घटते. सगळा नंबर सारखा आणि एकच अंक वेगळा, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, पण ती सिद्ध व्हायला हवी. २०२३ पर्यंत मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डमध्ये मुख्यालय असलेल्या या कंपनीच्या जुन्या नोंदींवरून स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन फी घेऊन पत्र देते: अमुक नंबर कधी आणि कुणाकडे रवाना झाला. दोन्ही नंबरांची चौकशी करायला मावसभावाला सांगा. ८ चे रिव्हॉल्वर वेगळेच कुठे गेल्याची नोंद निघाली, तर भाग बदलल्याची शंका बळावेल.

मात्र तिथला भाव तुमच्या हाती पडणार नाही. शस्त्र देशाबाहेर पाठवायला कलम १० प्रमाणे परवाना लागतो. आणि या कंपनीचे .३२ हँड इजेक्टर, म्हणजे सिलिंडर बाजूला उघडणारे रिव्हॉल्वर, १८९६ पासून बनत होते. तुमचे हत्यार शंभर वर्षांपलीकडचे निघाले आणि पुरावस्तू ठरले, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला ते बाहेर धाडताच येत नाही. जुने म्हणून परवान्यातून सूट मिळेल या भरवशावरही राहू नका. ती सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे, आणि तुमचे चालते. इथला गिऱ्हाईक विदेशी बनावट आणि चालू स्थिती बघून पैसे देतो. नंबर न जुळणारे हत्यार त्याच्याही परवान्यावर चढताना अडेल, म्हणून तो भाव पाडेल.

माझे मत विचाराल तर विकू नका. आजोबांची वस्तू आहे, परवाना तुमच्या नावे करून ठेवा. तुमच्या नावावर आधीची एखादी बंदूक असेल तर हे दुसरे धरले जाईल. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादा दोन हत्यारांचीच आहे. पंचनाम्याची प्रत मिळाली की पावत्यांसह माझ्याकडे पाठवा, दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा मी तपासून देईन.