लाल दिवा आणि तळपायाची जखम

प्रश्न : माझ्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला झालेली जखम दोन महिने भरत नाही. दुखत नाही म्हणून ते घरभर चालतात. भावानं लाल दिव्याचं पॅनेल आणलंय. रोज अर्धा तास, ड्रेसिंग न सोडता, आम्ही ते पायासमोर ठेवतो. वेळ वाढवावी का?

उत्तर : वेळ वाढवू नका. दिव्याबद्दल सांगतेच, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘दुखत नाही’. मधुमेहानं पायाच्या नसा बधिर झाल्या की माणूस उघड्या जखमेवर पूर्ण भार टाकून चालतो. अशा जखमेभोवती पांढरट, जाड घट्टा चढलेला असतो. तो ब्लेडनं तासला की वरून मणीएवढी दिसणारी जखम आत कितीतरी रुंद पसरलेली सापडते. प्रत्येक पावलागणिक तिथल्या नव्या पेशी चिरडल्या जातात. दिवसभर हे चालू राहिलं तर अर्ध्या तासाचा उजेड काय करणार? त्या जागेवरचा भार आधी काढायला हवा : खास बूट, किंवा गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर. शल्यचिकित्सकांना हे उद्याच विचारा. पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का, हाडापर्यंत जंतुसंसर्ग पोचलाय का, हेही विचारा.

आता दिवा. हे थोतांड नाही. बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर या डॉक्टरांनी 1967 मध्ये उंदरांवर लाल प्रकाशाचा रुबी लेसर वापरला, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. मग त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर लेसर वापरून पाहिला. साधारण 630 ते 670 नॅनोमीटरचा लाल प्रकाश पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामधलं एक एन्झाइम शोषून घेतं आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते, असं मानलं जातं. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतं, ते टाळायला हा प्रकाश चांगला उपयोगी पडतो. मधुमेही पायाच्या जखमांवरचे अभ्यास आशादायक असले तरी बहुतेक लहान आहेत. त्यामुळे जोड म्हणून वापरायला माझी हरकत नाही, मुख्य उपचार म्हणून मात्र आहे.

पण मात्रा मोजा. पॅनेलच्या कागदावर दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट आणि किती अंतरावरून, ते लिहिलेलं असतं. त्याला सेकंदांनी गुणून हजारानं भागलं की ज्यूल मिळतात. जखमेसाठी साधारण 4 ज्यूल धरले, तर 50 मिलिवॅटच्या पॅनेलला 80 सेकंद पुरतात. अशा पॅनेलसमोर तुमच्या अर्ध्या तासात 90 ज्यूल होतात! मात्रा फार वाढली की परिणाम कमी होतो, कधी उलटाही होतो. आणि तुमच्या बाबतीत तर बहुतेक उजेड गॉजमध्येच अडतोय. ड्रेसिंग बदलताना जखम सलाइननं धुऊन झाल्यावर, मलम लावण्याआधी प्रकाश द्यायचा. त्यासाठी मुद्दाम वेगळं ड्रेसिंग सोडू नका. पॅनेल पायाला टेकवू नका, कारण बधिर पायाला चटका कळणार नाही. डोळे झाका. उजेडानं त्वचेवर रिअॅक्शन येणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता दिवा लावूच नका.

दर आठवड्याला जखमेशेजारी पट्टी धरून फोटो काढा. भार काढल्यावर चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर ते फोटो घेऊन परत जा आणि बायोप्सी (जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणं) हवी का, ते विचारा. न भरणाऱ्या जखमेत कधीकधी कर्करोग असतो, आणि त्यावर हा प्रकाश पाडायचा नसतो. लाली पसरली, दुर्गंधी आली, ताप चढला किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.