सही कोणाची?

"मॅडम, सही करू की नको, तेवढं सांगा. हो किंवा नाही. बाकी काही नको."

चार घड्या घातलेला कागद त्या ताईंनी टेबलावर ठेवला. फेब्रुवारी २०२४ चे दिवस होते. लेकीच्या शाळेतून आलेला कागद. एका संस्थेचं शिबिर, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवरची लस, नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी. खाली ठिपक्यांची रेघ आणि 'पालकांची सही'. लेक तेरा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा येत होता आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागे एखादी बातमी असायची. १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ असं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी एक अभिनेत्री याच कॅन्सरनं गेल्याची बातमी आली आणि त्याच्या पुढच्या दिवशी ती स्वतःच समोर येऊन म्हणाली, मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. ताईंच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ पक्की बसली होती. "आधी घोषणा, मग मरण, मग मरणही खोटं. हे ठरवून नाही तर काय?"

पण खरी अडचण घरातली होती. नवरा सरकारच्या बाजूचा, दीर विरोधातला. जेवताना राजकारण निघालं की एक जण ताट घेऊन उठतो. नवऱ्याच्या ग्रुपवर आलं होतं की हा विदेशी कंपन्यांचा डाव आहे. दिराच्या ग्रुपवर आलं होतं की निवडणुका तोंडावर आल्यात म्हणून हे चाललंय, आणि आपल्या पोरींवर आधी प्रयोग झालेत. "या दोघांचं पावसावरसुद्धा एकमत होत नाही हो," त्या म्हणाल्या. "या लशीवर झालं. म्हणून भीती वाटते."

त्यांचा तर्क चुकीचा म्हणवत नाही. एरवी भांडणारे दोघं एकच सांगत असतील तर ते खरं असणार, असं मलाही वाटलं असतं.

आणि मी काय केलं? पंधरा मिनिटं आकडे सांगितले. भारतात २०२२ मध्ये या कॅन्सरच्या अंदाजे सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण, जवळपास ८०,००० मृत्यू. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे सत्तर टक्के कॅन्सरला कारण. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. सगळं खरं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि कागदाच्या घड्या पुन्हा घातल्या.

आमच्या कामात समोरच्यानं नुसतं "बरं" म्हटलं की समजावं, आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

दहा दिवसांनी त्या परत आल्या. शिबिर होऊन गेलं होतं, सही झाली नव्हती. या वेळी त्यांनी फोनच पुढे केला. "हे खरं आहे का? सात मुली मेल्या?"

इथे दोन रस्ते असतात. माझ्या ओळखीच्या काही डॉक्टरांचं मत असं की २०१० चं प्रकरण उकरूच नये, लोक आणखी बिचकतात. मला ते पटत नाही. अर्धं आपण सांगितलं की उरलेलं अर्धं फोन सांगतो, आणि फोन मीठमसाला लावून सांगतो. म्हणून मी सगळं सांगितलं.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वयाच्या सुमारे तेवीस-चोवीस हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था, तिच्यासोबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं, पैसा गेट्स फाउंडेशनचा, लस कंपन्यांनी दिलेली. त्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला, पाच आंध्रात, दोन गुजरातमध्ये. चौकशीत एकीचं कारण पाण्यात बुडणं निघालं, एकीचं सर्पदंश, काहींनी कीटकनाशक प्यायलेलं, तर कुणाला ताप, मलेरिया. लशीशी संबंध दिसला नाही.

"मग सरकारनं थांबवलं कशाला?" त्यांनी लगेच विचारलं.

बरोबर प्रश्न. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या ताशेऱ्यांमधला सगळ्यात बोचणारा भाग संमतीचा होता. आंध्रात तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. १,९४८ वर नुसते अंगठे. आईबाप कुठंतरी लांब मजुरीला, आणि मुलीच्या दंडात सुई जाणार याची परवानगी वॉर्डन देतोय.

"म्हणजे फसवलंच ना त्यांना?"

"हो," मी म्हणाले. "न विचारता केलं. ते चूकच होतं."

माझ्या तोंडून सरळ "हो" येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्या बराच वेळ कागदाची कड नखानं दाबत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या वेळी सही सासूबाईंनी केली होती."

कसली सही, ते हळूहळू कळलं. याच लेकीच्या बाळंतपणात, अजून बाळ कुशीत नीट ठेवलंही नव्हतं, तेव्हा त्यांना तांबी बसवली गेली. त्यांना कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. आठ महिने पोटात दुखतंय, अंगावरून जास्त जातंय म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा कळलं आत काय आहे ते. घरी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं, त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली, तुझ्या भल्यासाठीच असणार.

तांबी वाईट नाही, हे त्या स्वतःच म्हणाल्या. नंतर त्यांनी आपणहून बसवून घेतली, तिचा काहीच त्रास झाला नाही. "वस्तू तीच होती मॅडम. पण त्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं."

तिथून पुढचं बोलणं सोपं झालं, कारण आता आम्ही दोघी एकाच प्रश्नावर बोलत होतो. लस चांगली की वाईट हा एक प्रश्न. कुणी, कुणाला न विचारता, काय केलं हा दुसरा. राजकारणात दोन्हींची मोळी बांधून फेकतात. २०१० मध्ये डाव्या विचारांच्या महिला संघटनांनी संमतीचा प्रश्न लावून धरला, तो धरायलाच हवा होता. २०१८ मध्ये संघपरिवारातल्या स्वदेशी जागरण मंचानं या लशीच्या विरोधात थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. ताईंच्या घरात जे जेवणाच्या ताटावर झालं, ते देशात आधीच होऊन गेलं होतं. अमेरिकेत तर आणखी वेगळीच तऱ्हा. २००७ मध्ये टेक्ससच्या राज्यपालांनी सहावीच्या मुलींना लस सक्तीची केली, तर त्यांच्याच पक्षातले लोक उलटले, आणि काही महिन्यांत विधिमंडळानं तो हुकूम मोडीत काढला.

जपानचंही सांगितलं, कारण 'सरकार थांबलं म्हणजे काहीतरी असणारच' हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. तिथं एप्रिल २०१३ मध्ये ही लस नियमित यादीत आली आणि जूनमध्ये सरकारनं शिफारस मागे घेतली. अंगदुखी, झटके अशा तक्रारी दूरदर्शनवर रोज दिसत होत्या. लस घेण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांवरून एका टक्क्याखाली गेलं. नागोया शहरानं सुमारे तीस हजार मुलींची पाहणी केली, तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींमध्ये त्या तक्रारी जवळपास सारख्याच निघाल्या. शिफारस परत यायला २०२२ उजाडलं. नऊ वर्षं.

आपल्याकडे थांबवण्यातून एक विचित्र गोष्ट घडली, ती मला फार आवडते. खम्ममच्या प्रकल्पाशी संबंध नसलेला एक वेगळा अभ्यास त्याच वेळी भारतात चालू होता, तीन डोस लागतात की दोन पुरतात हे पाहणारा. २०१० च्या आदेशानं तोही मध्येच अडला. साडेसतरा हजारांच्या आसपास मुलींना लस टोचून झाली होती, पण हजारो मुलींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की एका डोसनंही १६ आणि १८ प्रकारांच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांमध्ये आपल्या या मुली आहेत. ताई हसल्या. "म्हणजे अर्धवट राहिलं म्हणून कळलं." (आपल्याकडच्या सिरमच्या लशीच्या वेष्टनावर त्या वेळी या वयासाठी दोन डोसच लिहिलेले होते. तेही सांगितलं, नाहीतर डॉक्टरकडे गेल्यावर पुन्हा गोंधळ.)

सासूबाईंचा आक्षेप निराळा होता. "आत्तापासून हे कशाला? पोरीवर संशय घ्यायचा का?" यावर मी फार वेळ घालवत नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरं, पण एका नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींचा ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर करू शकतो. लस विषाणू येण्याआधी घ्यावी लागते, म्हणून वय लहान. त्यात चारित्र्याचा दाखला नाही. मूल होत नाही वगैरे जे फिरतं त्याला आधार नाही. दंड दुखतो, कधी ताप येतो, काही मुलींना सुई पाहूनच चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. आधी कशाची तीव्र ॲलर्जी झाली असेल तर डॉक्टरांना सांगायचं.

मग मी विचारलं, "ताई, तुमची तपासणी झालीय?"

"माझी? मला कुठं काय झालंय?"

त्यांचं वय अडतीस. या सगळ्या वादात माझी चिडचिड होते ती इथं. लशीसाठी संसद आहे, न्यायालय आहे, मोर्चे आहेत, टीव्ही आहे. तपासणीसाठी कुणी भांडत नाही. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये ती एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. आणि पुरावा कुठला म्हणाल तर आपल्याच उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) खेड्यांमधला. तिथं सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते.

लस घेतली तरी मुलीला पुढे तपासणी लागणारच, कारण सगळे प्रकार लशीत नाहीत. आणि आईनं लस घेतलेली नाही, म्हणून तिला तर तपासणीच. व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, पांढरट डाग दिसला तर पुढचं बघतात. किंवा काडीनं नमुना घेऊन चाचणीला पाठवतात. भूल नाही, टाके नाहीत.

तिसऱ्या वेळी त्या लेकीला घेऊन आल्या. मुलगी चुणचुणीत. तिनं तो जुना कागद स्वतः वाचला आणि दोन प्रश्न विचारले. एक, फार दुखतं का. दुसरा, "हे मुलांमुळेपण पसरतं ना? मग मुलांना का नाही देत?" मी सांगितलं की काही देश देतात, ऑस्ट्रेलिया २०१३ पासून देतो. आपल्याकडे आधी मुलींचंच पूर्ण व्हायचंय. तिला ते उत्तर काही फार पटलं नाही. मलाही ते पुरेसं वाटत नाही.

"तू घेशील?" आईनं तिला विचारलं. ती खांदे उडवत म्हणाली, "घेईन. पण वर्गासमोर नको." शिबिर तर गेलंच होतं, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन घ्यायचं ठरवलं.

मी नवऱ्याचं विचारलं. ताई म्हणाल्या, "सांगितलं त्यांना. विचारलं नाही." घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता म्हणे. दिरानं मात्र तिसऱ्याच ग्रुपवरचं काहीतरी पाठवलं होतं, ते त्यांनी उघडलंच नाही.

महिनाभरानं तपासणीच्या खोलीबाहेर त्या मला दिसल्या. लेकीचा पहिला डोस झाला होता, आता स्वतःची पाळी. हातात संमतीपत्र. सिस्टर म्हणत होती, इथं सही करा, चला. ताई तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारत होत्या, "हे इथं नेमकं काय लिहिलंय?" सिस्टरनं घड्याळाकडे पाहिलं. मागं सहा-सात बायकांची रांग खोळंबली होती. ताईंचं बोट ओळीवरून हललं नाही.