वाचकांचे प्रश्न : आयेल्ट्सची तोंडी परीक्षा आणि सायकल

प्रश्न : मी ऐरोलीत राहते. परिचारिका म्हणून परदेशी नोकरी करण्यासाठी आयेल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. तोंडी परीक्षेच्या सरावात सायकल हा विषय निघाला की प्रदूषण होत नाही, व्यायाम होतो, पैसे वाचतात, एवढे सांगून मी थांबते. सराव घेणारे शिक्षक म्हणतात की उत्तर घोकलेले वाटते. ते सुधारावे कसे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत, पण मत बरोबर असल्याबद्दल या परीक्षेत गुण मिळत नाहीत. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार हे चार निकष असून त्यांना सारखेच वजन असते. सायकलीचे फायदे सांगताना वाक्ये साध्या वर्तमानकाळातच अडकून पडतात, म्हणून व्याकरणाची तुमची खरी तयारी परीक्षकापर्यंत पोहोचतच नाही.

११ ते १४ मिनिटांच्या या मुलाखतीचे तीन भाग असतात. पहिल्या भागात सायकल चालवता का, असे विचारल्यास दोन-तीन वाक्ये पुरतात. 'आय यूज्ड टू राइड टू स्कूल, बट नाउ आय टेक द ट्रेन टू वर्क' एवढ्या उत्तरातही भूतकाळ आणि वर्तमानकाळ दोन्ही येतात.

खरी कसोटी दुसऱ्या भागात लागते. कार्डावरचा विषय वाचून तयारीला एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. त्या मिनिटात कागदावर वाक्ये लिहू नका, चार-पाच शब्दच टिपा, आणि एकच प्रसंग निवडा. समजा, रविवारी पहाटे तुम्ही भावाबरोबर पाम बीच मार्गाने वाशीहून बेलापूरकडे निघाला होतात आणि वाटेत चेन उतरली. मग 'वी वेअर रायडिंग टुवर्ड्‌स बेलापूर व्हेन द चेन केम ऑफ' हे वाक्य आपोआप सुचते. हात काळे झाले, मागून येणाऱ्या कोणी मदत केली, हे सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत. आणि शेवटी 'इफ आय हॅड चेक्ड द चेन, वी वुड हॅव रीच्ड बेलापूर ऑन टाइम' असे म्हटले की न घडलेल्या गोष्टीविषयीची, अनेकांना अवघड वाटणारी वाक्यरचनाही येऊन जाते. असा प्रसंग शब्दशः पाठ मात्र करू नका. दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका.

तिसऱ्या भागात प्रश्न समाजाकडे वळतात, तेव्हा स्वतःची गोष्ट आवरती घ्यावी. शहरांनी सायकलींसाठी वेगळी मार्गिका करावी का, याला नुसते 'येस' पुरत नाही. घोडबंदर रस्त्यावरची अवजड वाहने डोळ्यांसमोर आणा आणि 'ओन्ली इफ दे आर सेपरेटेड फ्रॉम हेवी ट्रॅफिक' अशी अट घाला, म्हणजे पुढची दोन वाक्ये त्या अटीतूनच निघतील.

मराठी विद्यार्थ्यांच्या तोंडी नेहमी आढळणाऱ्या तीन चुकाही टाळा. सायकलीला 'ड्राइव्ह' नव्हे, 'राइड' म्हणतात. 'आय अ‍ॅम रायडिंग सिन्स चाइल्डहुड' ऐवजी 'आय हॅव बीन रायडिंग सिन्स आय वॉज अ चाइल्ड' म्हणावे. आणि उच्चार 'बायसायकल' नसून 'बायसिकल' असा, पहिल्या अक्षरावर जोर देऊन करावा. मराठी वळणाच्या उच्चाराचे दडपण नको. बोलणे सहज समजले पाहिजे, हे मुख्यतः पाहिले जाते.

प्रश्न : मला सायकल येतच नाही. खोटे सांगावे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : खरेखोटे कोणी तपासत नाही, पण रचलेल्या प्रसंगात बारीकसारीक तपशील सुचत नाहीत आणि बोलणे अडखळते. त्यापेक्षा शिकायचे का राहून गेले, घरासमोर वाहनांची वर्दळ होती की पडण्याची भीती, आणि आता शिकावेसे वाटते का, हे सांगा. पहिल्या भागासाठी एवढे उत्तर पुरेसे आहे.